घरातली वेठ आणि दुसरे शील

आपल्या घरात सकाळी सर्वांच्या आधी कोण उठते, आणि रात्री सर्वांच्या शेवटी कोण आडवे होते?

वाचकहो, धम्माच्या पाक्षिकात असला प्रश्न कशाला, असे काहींना वाटेल. पण धम्मदीक्षा घेतल्यानंतर आपण काय काय केले ते आठवा. घरातले देव काढले, गंडेदोरे तोडले, तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर लावली, मुलांना सिद्धार्थ, राहुल, सुजाता अशी नावे ठेवली. हे सारे योग्यच झाले. परंतु या सर्व गोष्टी एका दिवसात होण्यासारख्या आहेत. दिवसाचा क्रम, म्हणजे पहाटेपासून रात्रीपर्यंत कोणी काय करायचे आणि कोणी बसून राहायचे, हा क्रम बदलला काय? तसबीर बदलली आणि तसबिरीखालचा दिवस जुनाच राहिला, तर धर्मांतर भिंतीपुरतेच झाले असे म्हणावे लागेल.

इचलकरंजीचे एक घर डोळ्यांसमोर आणा. अशी घरे अनेक आहेत, म्हणून नावगाव सांगण्याची गरज नाही. नवरा यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीत. बायको कांडी भरण्याच्या कामावर. दोन मुले आणि सासू. ती पहाटे साडेचारला उठते. नळाचे पाणी भरते, भाकरी थापते, दोन डबे बांधते, मुलांची वेणीफणी करते, म्हातारीला चहा देते, केर काढून कामावर जाते. तो साडेसहाला उठतो, तापलेले पाणी अंगावर घेतो, थापलेली भाकरी खातो, बांधलेला डबा घेऊन निघतो. संध्याकाळी दोघेही थकून येतात. तो खाटेवर बसतो, ती चुलीपुढे बसते. जेवणे झाल्यावर तो चौकात जाऊन येतो. कधी विहारात मिटिंग असते, आणि तिथे समतेवर भाषण होते. ती मोरीत भांडी घासत असते. दोघांनीही मागाच्या खडखडाटात दिवस काढला, दोघांच्याही कानात तोच आवाज घुमतो आहे, दोघांनीही पगार आणला. तरी घरात पाऊल टाकताच एकाची पाळी संपते आणि दुसरीची दुसरी पाळी सुरू होते.

हे आपल्याच वस्तीत चालते असे नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरील शंभर स्त्रियांपैकी ८१ जणी दिवसभरात घरचे बिनपगारी काम करतात असे तीत आढळले. शंभर पुरुषांपैकी फक्त २६. जे करतात त्यांतही स्त्रीची सरासरी दिवसाला २९९ मिनिटे आणि पुरुषाची ९७. म्हणजे स्त्रीचे जवळजवळ पाच तास, पगारी कामाच्या वर.

तासांचा हिशेब आपल्याला नवा नाही. कामगाराच्या तासांसाठी बाबासाहेबांनी काय केले ते प्रत्येक बौद्ध कामगाराला माहीत असावे. १९४२ पासून १९४६ पर्यंत ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. कारखान्यातले काम आठवड्याला ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ साली झाली ती त्यांच्याच खात्याच्या प्रयत्नाने. माणसाला काम झाल्यावर उरलेला वेळ हवा, वाचायला, विचार करायला, मुलांशी बोलायला हवा, हे त्यामागचे सूत्र. आता सांगा, आठवड्याचे ४८ तास कारखान्यात आणि आणखी ३५ तास घरात, असे ८३ तास राबणाऱ्या स्त्रीला हे सूत्र लागू नाही काय? इचलकरंजीतल्या बारा तासांच्या पाळीत तर पुरुषाच्याही वाट्याला तो कायदा नीट आला नाही, ही गोष्ट वेगळी आणि तितकीच संतापाची. त्याचे चार तास मागमालक घेतो. पण त्या चार तासांची भरपाई तो मालकाकडून मागत नाही, घरी येऊन बायकोकडून करून घेतो. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचे वैशिष्ट्य हेच की तीत दबलेल्या प्रत्येकाला दाबायला खाली आणखी कोणीतरी मिळते.

याला आपल्या भाषेत एक जुना शब्द आहे. तो शब्द आहे वेठ.

वेठ म्हणजे काय हे आपल्या आज्या-पणज्यांना विचारावे लागत नसे. गावाने हाक मारली की जायचे. रात्र असो, पाऊस असो, घरात कोणी आजारी असो. सांगावा घेऊन दुसऱ्या गावी जा, सरकारी माणसाचे ओझे वाहा, मेलेले ढोर ओढ. कामाला वेळ नाही, मोजमाप नाही, मजुरी नाही. मिळेल ते शिळेपाके. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतने खालसा करून त्या जमिनी रयताव्याने दिल्या आणि या गुलामीवर घाव घातला. दोनच वर्षांनी, १९२० च्या मार्चच्या २१ आणि २२ तारखेला, इचलकरंजीच्या परिसरातल्याच माणगावी परिषद भरली आणि महाराजांनी तरुण आंबेडकरांना आपल्या समोर समाजाचा पुढारी म्हणून उभे केले. पुढे १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे मंडळात वतनाविषयीचे बिल आणले. कायद्याने ही वतने मोडायला १९५८ साल उजाडावे लागले. चाळीस वर्षे आपण कशासाठी झगडलो? हाक मारली की उठणारा माणूस आम्ही होणार नाही, यासाठी.

आणि आता घरात कान देऊन ऐका. 'पाणी आण गं.' 'चहा टाक.' 'माझा टॉवेल कुठाय?' हाक मारणारा उठत नाही, जिला हाक मारली ती उठते. आपल्याकडे बायका नवऱ्याला 'मालक' म्हणतात, 'धनी' म्हणतात. धनी हा शब्द आपल्या आज्याने कोणाला वापरला होता ते आठवा. पाटलाला.

येथे कोणी उपासक म्हणेल की ही तुलना अति झाली. पाटलाचे काम जुलमाचे होते. घरचे काम बाई प्रेमाने करते. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला गंभीरपणेच उत्तर दिले पाहिजे, कारण प्रश्न दुसऱ्या शीलाचा आहे.

दुसरे शील आपण रोज उच्चारतो. आपण त्याचा अर्थ 'चोरी करणार नाही' एवढाच घेतो आणि आपण कोणाचा खिसा कापलेला नसल्यामुळे निश्चिंत राहतो. पण पाली शब्द अदिन्नादान असा आहे. जे दिलेले नाही ते घेणे, असा त्याचा सरळ अर्थ. वस्तूच घ्यावी लागते असे त्यात नाही. दुसऱ्याचे श्रम, दुसऱ्याची झोप, दुसऱ्याची संध्याकाळ, ही दिलेली नसताना घेतली तर तेही अदिन्नादानच. मग प्रश्न उरतो तो असा: ती हे सारे देते की आपण घेतो?

दान आणि वेठ यांत बाहेरून फरक दिसत नाही. भाकरी तीच आणि थापणारे हातही तेच. फरक ओळखायचा तर एक गोष्ट तपासावी लागते: नाही म्हणण्याची सोय आहे काय? आपला आजा सांगावा घेऊन जात होता तेव्हा कदाचित हसतमुखाने जात असेल. पण 'आज मी जात नाही' म्हणण्याची त्याला सोय नव्हती. म्हटले तर मार होता, बलुते बंद होते. म्हणून त्याच्या हसण्यावरून ते दान ठरत नाही. आता आपल्या घरी हेच तपासा. घरातल्या बाईने एखाद्या संध्याकाळी, अंगात ताप नसताना, केवळ कंटाळा आला म्हणून, 'आज मी स्वयंपाक करत नाही' असे म्हटले तर काय होईल? आपण हसून 'बरं, मी भात टाकतो' म्हणाल काय? की आवाज चढेल, सासू बोलेल, माहेरचा उद्धार होईल, दोन दिवस अबोला होईल? कामावर खाडा झाला तर त्या दिवसाची मजुरी जाते, पण खाडा करता तरी येतो. घरातल्या कामाला खाडा नाही. ज्या घरात 'नाही' या शब्दाला शिक्षा आहे, त्या घरात तिचे 'हो' कितीही गोड असले तरी त्याला दान म्हणता येणार नाही.

तान्हे मूल रात्री रडले तर 'आज नाही' म्हणता येत नाही, हे खरे आहे. म्हाताऱ्या आईचे अंथरूण बदलायचे असेल तर नाही म्हणता येत नाही. अशी कामे प्रत्येक घरात असतात, आणि ती नाकारता येत नाहीत म्हणून ती वेठ होत नाहीत. पण ती कोणालाच नाकारता येत नाहीत, आपल्यालाही नाही, हे विसरता कामा नये. मूल रडल्यावर एकजण कूस बदलून झोपू शकतो आणि एकीला उठावेच लागते, असे झाले की ते काम पुन्हा वेठीत जमा होते.

आणखी एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. पुरुष म्हणतात, आम्ही करू म्हणतो पण बायकाच करू देत नाहीत. हातातला झाडू ओढून घेतात, 'लोक काय म्हणतील' म्हणतात. यात तथ्य आहे. मुलाने भांडी घासायला घेतली की 'बायकोचा बैल' म्हणून हिणवणारी बहुधा त्याची आईच असते. पण वतन सोडू नका म्हणणारी माणसेही आपल्यातच होती. का होती? वतन कितीही हीन असले तरी गावात तेवढाच एक हक्क त्यांच्या नावावर होता. तो सुटला तर हातात काय राहील, ही भीती होती. स्त्रीचेही तसेच आहे. साऱ्या घरात चुलीपाशीच काय ती तिची सत्ता चालते. पगाराचे पाकीट कोणाच्या हातात, मुलीला पुढे शिकवायचे की नाही, पतसंस्थेचे कर्ज काढायचे की नाही, यांत तिला विचारले जात नाही. मग चूलही सोडायला सांगितली तर ती घट्ट धरून बसेल, नाही तर काय करील? काम वाटून घ्यायचे असेल तर सत्ताही वाटावी लागेल.

ही माझ्या पदरची कल्पना आहे असे समजू नका. सिगालोवाद सुत्त काढून पाहा. राजगृहात सिगाल नावाचा तरुण ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करीत होता. भगवंतांनी त्याला सांगितले की खऱ्या दिशा म्हणजे आपल्या जीवनातली माणसे. पश्चिम दिशा ही पत्नी. तिच्याविषयी पतीची पाच कर्तव्ये सांगितली, तीही पत्नीच्या कर्तव्यांच्या आधी: तिचा सन्मान करणे, तिचा अवमान न करणे, व्यभिचार न करणे, घरातला अधिकार तिच्या हाती सोपवणे, तिला दागिने देणे. चौथ्या कर्तव्याचा पाली शब्द इस्सरियवोस्सग्ग आहे. इस्सरिय म्हणजे ऐश्वर्य, सत्ता, मालकी. वोस्सग्ग म्हणजे सोडणे. मालकी सोडून देणे हे पतीचे कर्तव्य, आणि आपल्याकडे पतीचे नावच मालक!

पत्नीची कर्तव्येही पुढे आहेत, आणि त्यांत घरकाम नीट लावणे, सर्व कामांत दक्ष असणे हेही आहे. ते लपवण्याचे कारण नाही. पण ज्या घराला उद्देशून हा उपदेश झाला ते दासदासी असलेले घर होते. कारण त्याच सुत्तात खालची दिशा म्हणून सेवकांचा उल्लेख आहे, आणि मालकाने सेवकांशी कसे वागावे तेही सांगितले आहे: त्याच्या बळाप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे, आणि वेळेवर सुटी द्यावी. येथेही शब्द वोस्सग्ग हाच आहे. आता आपल्या चाळीतल्या दोन खोल्यांत पाहा. सेवक नाही. पत्नी ही पत्नीचे कामही करते आणि सेवकाचे कामही करते. मग पत्नीला मिळायची ती सत्ता तिला मिळाली काय? निदान सेवकाला मिळायची ती सुटी तरी? अडीच हजार वर्षांपूर्वी भगवंतांनी घरगड्याला जेवढी सुटी सांगितली तेवढीही आपण गृहिणीला देत नाही.

अशा प्रसंगी काही मंडळी दुसरे एक सुत्त पुढे करतात, म्हणून त्याचाही विचार झाला पाहिजे. अंगुत्तर निकायात अनाथपिंडिकाची सून सुजाता हिची कथा आहे. सात प्रकारच्या पत्नी तीत सांगितल्या आहेत. वधकासारखी, चोरासारखी, मालकिणीसारखी, या तीन निंद्य. आईसारखी, बहिणीसारखी, सखीसारखी आणि दासीसारखी, या चार प्रशंसनीय. सुजाता म्हणते, आजपासून मला दासीसारखी समजा. लग्नाच्या मंडपात ही कथा सांगून नव्या सुनेला दासी होण्याचा उपदेश केला जातो. मला विचाराल तर हा दीक्षेचा अपमान आहे. ग्रंथात आहे म्हणून मानू नका, हे कालामांना भगवंतांनीच सांगितले. बुद्धवचन म्हणून जे समोर येईल ते बुद्धीला आणि माणसाच्या हिताला धरून आहे की नाही हे पाहा, अशी कसोटी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी दिली. आणि त्या सातांच्या यादीतच सखी आहे ना? २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले ते हेच, की लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून उभे राहावे आणि त्याची गुलाम होण्यास नकार द्यावा. सुत्तातल्या सुजातेने दासी निवडली. आपल्या मुलींना सखी निवडता येते.

सुनेला कोणाची कथा सांगायची तर नकुलमातेची सांगा. भग्गांच्या देशात सुंसुमारगिरी येथे नकुलपिता आणि नकुलमाता हे जोडपे राहत होते. एकदा नकुलपिता फार आजारी पडला. मरणाच्या दारात असताना त्याला काळजी लागली की आपल्यामागे घराचे काय. नकुलमाता त्याच्याजवळ बसून म्हणते की चिंता करू नका, मला सूत कातता येते, लोकर पिंजता येते, मी मुलांना पोसीन, घर सांभाळीन. आपल्या कांडीवालीची ही थेट पूर्वजच! या दोघांना भगवंतांनी सांगितले की पतिपत्नीची जोडी टिकायची तर दोघांची श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा ही समसमान हवीत. त्यांतले शेवटचे दोन जरा थांबून वाचा. त्याग समान हवा. एकीने झोपेचा त्याग करायचा आणि दुसऱ्याने त्याचे कौतुक करायचे, हा समान त्याग नव्हे. आणि प्रज्ञा समान हवी. पण पाच तास जास्त राबणाऱ्या स्त्रीने ग्रंथ केव्हा उघडायचा? प्रज्ञेलाही वेळ लागतो.

बाबासाहेबांनी हा हिशेब स्वतःपुरता मांडून ठेवला आहे. १९२८ साली, वतनाचे बिल आणले त्याच वर्षी, त्यांनी 'बहिष्कृत भारत' पत्राच्या ऋणाविषयी एक लेख लिहिला. आपण परदेशी असताना जिने रात्रंदिवस प्रपंचाची काळजी वाहिली, डोक्यावर शेणीचे भारे वाहायला जिने मागेपुढे पाहिले नाही, त्या रमाईच्या सहवासात चोवीस तासांतला अर्धा तासही आपल्याला घालवता आला नाही, असे त्यांनी त्यात सर्वांसमोर नोंदवले. एवढ्या मोठ्या कार्यात बुडालेल्या पुरुषाने ते ऋण मान्य केले. आपल्यापैकी कित्येकांच्या डोक्यावर तसले कोणतेही कार्य नाही, आणि तरी हा अर्धा तास आपल्याला सापडत नाही.

आता कोणी म्हणेल, भांडी, चहा, केर, असल्या क्षुद्र गोष्टींत धम्म कशाला आणता? कोल्हापूरच्या माणसाने तरी हे म्हणू नये. हौदाच्या पाण्याला स्पर्श केला म्हणून राजवाड्यातल्या गंगाराम कांबळ्यांना इतर नोकरांनी मारले, तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. भाऊसिंगजी रस्त्यावर त्यांचे चहाचे दुकान निघाले आणि महाराज स्वतः तेथे थांबून चहा घेत. चहा कोणी केला आणि कोणी प्यायला, यातून या शहरात समाजक्रांती झालेली आहे. भांड्यांचेही तसेच. अमुक काम हलके आणि ते अमुक जन्माच्या माणसानेच करावे, ही चातुर्वर्ण्याची शिकवण. जातिव्यवस्था ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहिले. 'मोरी तुझी, बैठक माझी' ही विभागणी जन्मावरूनच झाली ना? संघात तर अतिसाराने पडलेल्या भिक्खूला भगवंतांनी स्वतःच्या हाताने धुतले, आनंदाला सोबत घेऊन.

काय करायचे ते घरोघरी वेगळे ठरेल. रातपाळीच्या माणसाला पहाटेचे काम जमेल, दिवसपाळीच्याला रात्रीचे. कोणाला भाकरी थापता येत नसेल तर पाणी भरता येते, मुलांचा अभ्यास घेता येतो, भांडी तर दोन हात असलेल्या कोणालाही घासता येतात. पगाराच्या दिवशी दोघांचे पैसे एकत्र मांडून दोघांनी मिळून हिशेब करावा. त्या रात्री गुत्त्याची वाट आपोआप थोडी लांब पडते, हा त्याचा आणखी एक उपयोग. मुलगा आणि मुलगी यांना कामाची वाटणी करून द्यावी, आणि मुलाची वाटणी आजीने करून टाकू नये. म्हाताऱ्यांशी भांडण मांडू नये. त्यांच्या देखत काम करीत राहावे, महिन्याभरात त्यांना सवय होते.

आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात आपल्या वस्त्यांत रोज संध्याकाळी कोणाच्या तरी घरी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. पुढच्या खोलीत पुरुष सतरंजीवर बसतात, मध्ये वाचणारा असतो. ज्या घरी वाचन त्या घरची उपासिका आतल्या खोलीत पंचवीस माणसांचा चहा करीत असते. भिंतीपलीकडून तिला चार शब्द ऐकू येतात, चार स्टोव्हच्या आवाजात बुडतात. तीन महिने ग्रंथ तिच्याच वस्तीत वाचला जातो आणि तिचा तो पुरता ऐकून होत नाही. येत्या वर्षावासात आपल्या घरी वाचनाची पाळी येईल तेव्हा उपासकाने आत जाऊन आधण ठेवावे, साखर कुठे आहे ते आधीच विचारून घ्यावे, आणि तिला बाहेर सतरंजीवर, वाचणाऱ्याच्या जागी बसवावे. वाचताना ती अडखळली तरी कोणी घाई करू नये.